कोण सरकलं?

पर्थ, ९ फेब्रुवारी १९३१

प्रिय एल्सपेथ,

काचांची पेटी शुक्रवारी पोचली. एका काचेचा कोपरा उडालाय, पण ग्रहाचा ठिपका शाबूत आहे. तुमच्या ट्रेगिअर साहेबांना सांग, वाळवंट ओलांडून येणाऱ्या पेटीत वाळलं गवत कोंबू नका, लोकर घाला. मेंढ्यांच्या देशात वेधशाळेला लोकर मिळत नाही म्हणजे कमालच झाली!

आल्फ बरा आहे. म्हणजे खोकतो आणि मला चिडवतो. परवा शेजाऱ्याला सांगत होता, "माझी बायको सूर्याला फूटपट्टी लावते." तो बिचारा खरंच विचारायला आला. मग दिली त्याला शिकवणी. म्हटलं, हात लांब करून अंगठा धरा. आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. अंगठा मागच्या कुंपणावर उडी मारतो की नाही? मेलबर्न हा एक डोळा, पर्थ हा दुसरा. एरॉस नावाचा एक धोंडा यंदा पृथ्वीच्या अगदी जवळून चाललाय. दोन्ही गावांतून काचेवर त्याचे फोटो काढायचे. मागच्या ताऱ्यांवर त्याने किती उडी मारली ते मोजलं की तो किती लांब ते कळतं, आणि त्यावरून सूर्य किती लांब तेही निघतं. शेजारी म्हणाला, "आणि मग काय, तो जरा लांब सरकवणार का? फार उकडतंय हो." आल्फ इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

आता हसण्यावारी न नेण्याची गोष्ट. तू मला या कामाला लावलंस तेव्हा पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस, की प्रत्येकीच्या डोळ्याला आपापला कल असतो. भिंगातली फुली ताऱ्यावर ठेवताना तू ती अंमळ डावीकडे ठेवतेस, मी उजवीकडे. शेजारीशेजारी बसून अकरा वर्षं मोजलं आपण. मी लग्न करून इकडे आल्यावरही त्याच काचा दोघी मोजतो. आपल्यातला फरक कधी हलला नाही, म्हणून तर साहेब तो वजा करून बिनघोर पुढे जातात. एल्सपेथ, नाताळापासून तो फरक वाढतोय. आणि पंचाईत अशी की फरक वाढला एवढंच कळतं. कोण सरकलं ते आकडे सांगत नाहीत.

साहेबांचं परिपत्रक तुलाही आलं असेल. सरकारकडे पैसा नाही, जिचे आकडे डळमळतील तिची जागा बंद. माझी जागा गेली तर हे घर जाईल, आणि युद्धातल्या वायूने जळलेली छाती घेऊन आल्फ बेकारांच्या छावणीत एक हिवाळा काढायचा नाही. तुझ्या घरी तुझी आई, जिला मी लहानपणापासून मावशी म्हणते, अंथरुणाला खिळलेली. म्हणजे कुणीही सरकलं तरी घर बुडालंच.

म्हणून सरळ विचारते. तुझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही ना? अठरा वर्षांत तुझा कल हलला नाही, सगळे तुझ्या नावाने शपथ घेतात. तू "नाही" म्हणालीस की सरकले ती मी. तुझा शब्द मला पुरे.

मावशीचा माझ्यातर्फे पापा घे.

तुझी,
डल्सी


मेलबर्न, २० फेब्रुवारी १९३१

प्रिय डल्सी,

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण आईला पुन्हा एक झटका येऊन गेला. आता उजवा हात पूर्ण गेला. भरवायला लागतं, आणि भरवताना ती माझ्याकडे अशी बघते की जणू मी तिचं काही चोरलंय. दिवसा शेजारीण बसते तिच्यापाशी. मी कामावर गेले नाही तर ती शेजारीणही येणार नाही, फुकट कोण बसतंय?

इथे उन्हाचा कहर आहे. खोलीत यंत्रं तापतात. तुझ्या जागी नवीन बाई आल्या आहेत, पॅस्कोबाई. विधवा आहेत, काम चोख, पण मोजताना गुणगुणतात. मी दोनदा सांगून पाहिलं. गुणगुणणं थांबतं आणि पाय हलायला लागतो.

गवताचं साहेबांना सांगितलं. म्हणाले, लोकर महाग पडते.

तू फरकाचा फार विचार करू नकोस. उन्हाळ्यात काच फुगते, यंत्राचा स्क्रू ढिला होतो, सतरा कारणं असतात. तू थकली असशील. घरी आजारी माणूस, बाहेर नोकरी, डोळ्यांवर ताण येणारच. थोडी विश्रांती घेऊन पुन्हा मोजून बघ.

तू विचारलंस म्हणून सांगते. माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही.

तुझी,
एल्सपेथ


पर्थ, १८ मार्च १९३१

प्रिय एल्सपेथ,

झालं. साहेबांना राजीनामा पाठवून आत्ताच टपाल कचेरीतून आले.

तू म्हणालीस तशी आठवडाभर विश्रांती घेतली, मग जानेवारीच्या सगळ्या काचा पहिल्यापासून मोजल्या. माझे नवे आकडे माझ्या जुन्या आकड्यांशी तंतोतंत जुळले. क्षणभर वाटलं, अरे, मग मी सरकलेच नाही! पण आल्फ म्हणाला, "वाकड्या पट्टीने दोनदा मोजलं तर दोनदा सारखंच येणार." खरंच आहे ते. आणि फेब्रुवारीच्या काचा तुझ्याशी ताडून पाहिल्या तर फरक दुप्पट झालेला. तुझा डोळा ठीक आहे म्हटल्यावर उरलं कोण?

गप्प बसता आलं असतं गं. दुसरी कुणी बसलीही असती. पण जगभरातून हे आकडे गोळा होणार, त्यावरून सूर्याचं अंतर निघणार, पोरं ते शाळेत पाठ करणार, आणि त्यात माझ्या फुटक्या डोळ्याची घाण? नको बाई. राजीनाम्यात स्वच्छ लिहिलं, दोष माझा आहे, मिस गॅरिटींचे, म्हणजे तुझे, आकडे प्रमाण मानावेत.

आल्फने कोंबड्या विकायला काढल्या आहेत. आम्हाला महिनाअखेर घर सोडायचंय.

मला वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? काल यंत्रावर कापड घातलं आणि तिथेच रडले. पण तुझी जागा तरी राहिली, मावशीची सोय झाली, एवढं बरं झालं.

तुझी,
डल्सी


मेलबर्न, ३० मार्च १९३१

प्रिय डल्सी,

साहेबांना फार हळहळ वाटली. म्हणाले, असा प्रामाणिकपणा पुरुषांतही दिसत नाही. तुझे वर्षभराचे आकडे बाजूला काढले आहेत, आता फक्त माझेच जातील. पर्थची जागा मात्र बंद झाली, ती पुन्हा भरणार नाहीत.

आल्फसाठी एक लोकरीचा गळपट्टा आणि आईची जाड शाल पाठवते आहे. आईला ती आता लागत नाही. चहाची पुडीही घातली आहे. नाही म्हणू नकोस, नाहीतर मला राग येईल.

तिकडे कुणाकडे भांडी-कपड्यांचं काम मिळालं तर धर. डोळ्यांवर ताण येणारं काही करू नकोस. आणि पत्र लिहायला उशीर झाला तर समज की मी आईत गुंतले आहे.

एल्सपेथ


बेकारांची छावणी, पर्थजवळ, २५ मे १९३१

एल्सपेथ,

शाल पोचली. आल्फ दिवसरात्र तीच गुंडाळून असतो. आम्हाला पत्र्याची एक खोली मिळाली आहे. शिध्यात पीठ, मटण, चहा, साखर मिळते. मटण नुसती हाडं असतात, पण उकळून उकळून रस काढते. पाऊस सुरू झाला की भिंतींना घाम फुटतो.

मागच्या आठवड्यात आल्फला सैनिकांच्या इस्पितळात नेलं होतं. तो आत असताना मी बाकावर बसले होते. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरची खोली समोरच होती, दार उघडं, पेशंट कुणी नाही. म्हातारा म्हणाला, "बाई, नुसत्या बसून काय करता? या, बघतो." अर्धा तास बघितलं त्याने. अक्षरं वाचायला लावली, रंगीत दोरे ओळखायला लावले, आत दिवा मारून पाहिलं. मग म्हणाला, "तुम्हाला कुणी सांगितलं डोळे गेलेत म्हणून? इतके चांगले डोळे मी वर्षातून दोनदाच बघतो."

आधी काय वाटलं सांगू? मला आनंद झाला. मी त्या म्हाताऱ्याचे हात धरले. बाहेर येऊन पायरीवर बसले आणि मग डोक्यात प्रकाश पडला.

म्हणजे सरकलीस ती तू.

रात्रभर तुझ्या बाजूने विचार केला. म्हटलं, तिला कळलंच नसेल. आपल्या डोळ्यांचं आपल्याला कळत नाही. तसं असेल तर डॉक्टरकडे जा, आजच जा, मला काळजी लागली आहे. पण तसं नसेल, तर मला एकच सांग. मी विचारलं तेव्हा तुला ठाऊक होतं का?

डल्सी


मेलबर्न, ९ जून १९३१

डल्सी,

होय, ठाऊक होतं.

नाताळच्या सुमारास उजव्या डोळ्याने बघताना भिंगातल्या फुलीचा धागा मधोमध वाकलेला दिसायला लागला. तारा त्या वाकणात बुडायचा. दोन दिवस वाटलं, धागाच बिघडलाय. मग दुसऱ्या यंत्रावर बसले, तिथेही वाकडा. तेव्हा कळलं. मग मी डाव्या डोळ्याने मोजू लागले. पाठीमागून कुणाला काय दिसतंय कुठल्या डोळ्याने बघते ते? मला वाटलं, माणूस एक, तर कलही एकच असणार. अठरा वर्षं हे काम करून ही साधी गोष्ट मला सुचली नाही, की दोन डोळ्यांचे दोन कल असतात. आता डाव्यातही वाकतोय.

तुझं पत्र आलं तेव्हा आई समोर होती, तिच्या हनुवटीवरून दूध ओघळत होतं. त्या घटकेला मी काय लिहायचं होतं? खरं लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी आईला धर्मार्थ रुग्णालयात टाकावं लागलं असतं. तिथे एका खोलीत साठ म्हाताऱ्या असतात. तू बघून ये एकदा, मग मला दोष दे. तुला निदान नवरा आहे. मला कोण आहे?

तू राजीनामा देशील असं मला वाटलं नव्हतं. वाटलं, तू कुरकुरशील, साहेब स्क्रूला नावं ठेवतील, काम संपेल. तू एवढी शहाणी असशील हे मला कसं कळणार?

आता बोलून काय होणार? तुझी जागा बंद झाली, ती परत यायची नाही. दोघी बुडण्यापेक्षा एक वर राहिली तर वाईट काय? सूर्याचं म्हणशील, तर तो काही आपल्या आकड्यांवर उगवत नाही. हे काम सप्टेंबरात संपतंय. तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझ्या पाया पडते, तोंड मिटून राहा.

एल्सपेथ


छावणी, २२ जुलै १९३१

एल्सपेथ,

आल्फ बुधवारी गेला. चार दिवस पाऊस थांबला नव्हता, पत्र्यावर इतका आवाज की त्याचा खोकला थांबला तेही मला लगेच कळलं नाही. शेजारच्यांनी शवपेटीसाठी फळ्या दिल्या, त्यांनीच ठोकल्या. तुझी शाल त्याच्याबरोबर गेली, काढून घ्यायची राहिली.

डॉक्टरने काय सांगितलं ते मी आल्फला बोलले नव्हते. तो तुला फार मानायचा. त्याच्या तोंडी तुझं नाव वाईट येऊ नये असं वाटलं. त्यामुळे शेवटपर्यंत त्याला वाटायचं, माझे डोळे गेलेत. छाती भात्यासारखी वाजत असताना तो मला हाताला धरून चिखलातून नळावर न्यायचा. "डल्स, इथे दगड आहे. डल्स, इथे पाणी साचलंय." आणि मी न दिसल्यासारखी चालायची. हे तू मला करायला लावलंस.

तू तोंड मिट म्हणालीस. मावशीकडे बघून सहा आठवडे मिटलं. आता मिटायचं कुणासाठी? तुझ्यावर सूड घ्यायचा असता तर जूनमध्येच घेतला असता. माझ्याकडे आता काहीच उरलेलं नाही, घर नाही, माणूस नाही. एक काम नीट केलं होतं वर्षभर, खरं केलं होतं, आणि ते माझ्या नावानिशी भंगारात पडलंय. ते मला परत हवंय. बास.

ट्रेगिअर साहेबांना पत्र लिहिलंय. दोन्ही पत्रं एकाच डाकेने टाकते आहे. तुझं घरी सकाळी पोचेल. साहेबांच्या टेबलावर डाक दहाला जाते, तुला माहीतच आहे. तू नऊला वर साहेबांकडे जा आणि आपल्या तोंडाने सांग. हॉबडेबाई आठवतात? हात थरथरायला लागला तेव्हा त्या स्वतः वर गेल्या आणि सांगून मोकळ्या झाल्या. साहेबांनी त्यांना काचा पुसायला, पाकिटांवर नावं घालायला ठेवून घेतलं, शेवटपर्यंत. तुलाही ठेवतील. त्यांना खोटं खपत नाही, पण आपणहून आलेल्याला ते हाकलत नाहीत. माझं पत्र आधी वाचलं गेलं तर मात्र काही खरं नाही.

हा एक तास मी तुला मावशीसाठी देते आहे. तो वाया घालवू नकोस.

डल्सी


मेलबर्न, ३ ऑगस्ट १९३१

डल्सी,

अक्षर पॅस्कोबाईंचं आहे. मी सांगते, त्या लिहितात. त्यांना बजावलंय की मी बोलेन ते तसंच्या तसं लिहा, गोड करू नका.

तुझं पत्र गेल्या सोमवारी सकाळी दाराच्या फटीतून पडलं. मी उचललं. पाकिटावरून तुझं आहे एवढं कळलं. हल्ली सकाळच्या धुक्यात मला ओळी लागत नाहीत. मेमधलं तुझं पत्र मी दुपारी वेधशाळेच्या खिडकीशी, काचांच्या भिंगाखाली धरून एकेक शब्द जोडत वाचलं होतं. शेजारणीला वाचायला देण्याची छाती नव्हती. म्हटलं, दुपारी बघू. खिशात घातलं आणि कामावर गेले. नऊ वाजता मी यंत्रावर बसले होते.

सव्वादहाला साहेबांनी वर बोलावलं. दार लावून घेतलं, बसा म्हणाले. टेबलावर एक कागद होता. कागद आहे एवढंच मला दिसत होतं. म्हणाले, "मिस गॅरिटी, अठरा वर्षं आपण बरोबर काम केलं. तुम्हाला मला काही सांगायचंय का?" मी म्हणाले, "नाही साहेब." ते थांबले. डल्सी, खूप वेळ थांबले गं. मग म्हणाले, "डोळे कसे आहेत?" मी म्हणाले, "उत्तम आहेत." तुझं पत्र माझ्या खिशात होतं.

त्यांनी मला खाली पाठवलं आणि आपण दोघींनी मोजलेली एक काच पॅस्कोबाईंना मोजायला दिली. मला संशय आला नाही. तशा काचा नेहमी फिरतात.

दुपारी सगळ्या डबे उघडून बसल्या. ढग होते, भिंगानेही जमेना. मला वाटलं, आल्फच्या तब्येतीचं असेल, म्हणून पॅस्कोबाईंना म्हटलं, एवढं वाचून दाखवता का? त्यांनी मोठ्याने सुरुवात केली. "आल्फ बुधवारी गेला." सगळ्याजणी "अरेरे" म्हणाल्या. त्या पुढे वाचत गेल्या, आवाज बारीक होत गेला, मग थांबल्या. मी म्हणाले, वाचा. त्यांनी सगळं वाचलं. सातजणी ऐकत होत्या, कुणी घास गिळला नाही.

मी उठून वर गेले. जिन्यात दोनदा अडखळले. दारात उभी राहून म्हणाले, "साहेब, मला सांगायचंय." ते म्हणाले, "आता नको, मिस गॅरिटी." पॅस्कोबाईंचे आकडे त्यांच्यासमोर होते. त्यांचा कल वजा केल्यावर तुझ्याशी जुळले ते, एकूण एक. म्हणाले, सकाळी विचारलं तेव्हा सांगितलं असतं तर ठेवलं असतं. मग मला माझा कोट घेऊन निघायला सांगितलं.

तुझे आकडे परत घेतले आहेत, तुझ्या नावाने. डाव्या डोळ्याने मोजलेले माझे सगळे काढून टाकले. साहेब तुला स्वतः लिहिणार आहेत. आईला शुक्रवारी धर्मार्थ रुग्णालयात नेलं. नेताना ती माझ्याकडे बघत होती की भिंतीकडे, ते मला दिसलं नाही.

आल्फबद्दल काय बोलू? माझ्या तोंडाला शोभेल असं काही सुचत नाही. तुला चिखलातून तसं चालावं लागलं, ते मी ऐकलं आहे. ते आता कानातून जात नाही.

एकच विचारायचंय. आठवडाभर मी स्वतःला समजावते आहे की सकाळी ओळी दिसल्या असत्या तर मी नऊला वर गेले असते. पॅस्कोबाई म्हणतात, अर्थात गेला असतात. त्या भल्या आहेत, पण त्यांनी मला सहा महिनेच पाहिलंय. तू लहानपणापासून ओळखतेस. गेले असते का गं मी? खरं काय वाटतं ते लिही. पॅस्कोबाई वाचून दाखवतील.

एल्सपेथ